तीनदा सांगितलेला पत्ता

विमानाचा रेडिओ बंद पडला म्हणजे विमान गेलंच, अशी आपली एक समजूत असते. ती चूक आहे. विमान पंखांवर आणि इंजिनावर उडतं, रेडिओवर नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा त्यांच्या पुस मॉथ विमानात रेडिओ नव्हताच. जमिनीवरून वाट दाखवणारं यंत्र नव्हतं आणि बोलायला कुणी माणूसही नव्हतं. पावसाळ्यात जुहूची जमीन चिखलात गेली की हा सगळा संसार पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलायचा आणि विमानं तिथून उडायची. भारतातली टाटांची हवाई सेवा मुकीच जन्मली आणि बरीच वर्षं मुक्यानेच सुखरूप उडत राहिली.

तरीही समुद्रावर रेडिओ बिघडला, ही बातमी ऐकून पोटात गोळा येतो. त्याला कारण आहे. जमिनीवर विमान दिसतं. रडारवर नाही, तर निदान कुणाच्या तरी डोळ्यांना. समुद्रावर ते कुणालाच दिसत नाही. तिथे विमान म्हणजे एक आवाज, आणि आवाज थांबला की किनाऱ्यावरच्या माणसाच्या हातात फक्त घड्याळ आणि कागदावर लिहिलेला शेवटचा ठावठिकाणा उरतो.

मुंबईकराला हे जवळचं वाटायला हवं, कारण अरबी समुद्रावरच्या आकाशाचा फार मोठा तुकडा या शहराच्या ताब्यात आहे. आपल्याला मुंबईचा विमानतळ म्हणजे सांताक्रूझ-अंधेरीच्या दोन धावपट्ट्या एवढंच दिसतं. पण मुंबईच्या उड्डाण-माहिती क्षेत्राची हद्द समुद्रात लांबवर, ओमान, सोमालिया, सेशेल्स आणि मालदीव यांच्या हद्दींना भिडेपर्यंत जाते. गिरगाव चौपाटीवर भेळ खाताना डोक्यावरून गेलेलं विमान नैरोबीचं असेल, तर पुढचे काही तास ते मुंबईशीच बोलत जातं. ते बोलतं कसं, हे समजून घेतल्याशिवाय पुढच्या गोष्टी कळणार नाहीत. म्हणून थोडं यंत्राबद्दल.

ज्याला यंत्र हाताळून समजून घ्यायचं आहे, त्याने ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरावं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग लिहिलेलं असतं, गिऱ्हाइकाच्या तोंडी मात्र लॅमिंग्टन रोडच. रेझिस्टर, कंडेन्सर, केबलची भेंडोळी, अँटेना, वॉकीटॉकी. आता मोबाइल आणि सीसीटीव्हीने या रस्त्याची अर्धी दुकानं व्यापली आहेत. पण गिरगाव, खेतवाडी, ठाकूरद्वारच्या चाळींतल्या मुलांच्या कित्येक पिढ्यांनी पहिला ट्रान्झिस्टर जुळवला तो इथलेच सुटे भाग आणून. व्हीएचएफ आणि एचएफ या दोन रेडिओ-लहरींतला फरक ज्याला पुस्तकातून कळत नाही, त्याला इथला कुणीही जुना दुकानदार दोन अँटेना शेजारी ठेवून दाखवील. एक वीतभर, दुसरी दहा-वीस मीटर लांब तार.

व्हीएचएफच्या लहरी नाकासमोर सरळ जातात. पृथ्वी गोल असल्यामुळे ३५ हजार फुटांवरच्या विमानाला या लहरी किनाऱ्यापासून साधारण सव्वाचारशे किलोमीटरपर्यंत साथ देतात, त्यापलीकडे क्षितिज आडवं येतं. मुंबई ते नैरोबी अंतर साडेचार हजार किलोमीटरच्या आसपास. मधल्या टापूत एचएफ, म्हणजे आपला जुना शॉर्टवेव्ह. या लहरी वर आयनांबरावर आपटून पुन्हा खाली येतात आणि हजारो किलोमीटर पार करतात. ज्यांनी रेडिओ सिलोनच्या स्टेशनसाठी सुई केसभर इकडे, केसभर तिकडे केली आहे, त्यांना या लहरींचा स्वभाव सांगायला नको. दिवसा एक लहर चालते, सूर्य मावळला की तीच मरते आणि खालची लहर धरावी लागते. मुंबईचा एचएफ कारभार ज्या लहरींवर चालत आला आहे त्यांत ५६५८, ८८७९ आणि १००१८ किलोहर्ट्झ या आहेत. त्यांवरचा आवाज खरखरीतून, शिट्यांतून, दुसऱ्याच कुणाच्या बोलण्यातून गाळून घ्यावा लागतो. वैमानिकाने ती खरखर तासन् तास कानाशी धरून बसू नये म्हणून सेलकॉल नावाची युक्ती निघाली. प्रत्येक विमानाला चार अक्षरांची खूण, त्या अक्षरांचे ठरावीक सूर. जमिनीवरून ते सूर सोडले की त्याच विमानाच्या कॉकपिटमध्ये घंटी वाजते.

आणि बोलायचं काय, तर ठावठिकाणा. मी अमुक विमान, अमुक बिंदूवर, अमुक वाजता, एवढ्या उंचीवर. पुढचा बिंदू अमुक, तिथे अमुक वाजता पोचेन. बस्स. लालबाग-परळचा गिरणी कामगार कोकणातून परतला की घरी दोन ओळींचं कार्ड टाकायचा, सुखरूप पोचलो, तितकाच हा मजकूर कोरडा आणि तितकाच मोलाचा. कारण कार्ड आलं नाही तर घरचे कधी काळजी करायला लागायचं हे त्यातूनच ठरवतात. विमानाचंही तेच. ठरल्या वेळेनंतर अर्धा तास आवाज आला नाही की ‘अनिश्चितता’, मग ‘सावधता’, मग ‘संकट’ अशा तीन पायऱ्या जगभर नेमून दिलेल्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर कुणी कुणाला कळवायचं हेही ठरलेलं आहे.

आता ज्या विमानासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याच्याकडे येतो.

११ एप्रिल १९५५. एअर इंडियाचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन, नोंदणी व्हीटी-डीईपी, नाव ‘काश्मीर प्रिन्सेस’. इंडोनेशियात बांडुंग इथे आशियाई-आफ्रिकी देशांची परिषद १८ एप्रिलला सुरू व्हायची होती. चीनने आपल्या शिष्टमंडळासाठी हे विमान भाड्याने घेतलं होतं. हाँगकाँगच्या काई ताक विमानतळावरून ते जकार्ताला निघालं तेव्हा ग्रिनिच वेळेनुसार ४ वाजून २५ मिनिटं झाली होती; मुंबईत सकाळचे दहा वाजायला पाच कमी. आत अकरा प्रवासी आणि आठ कर्मचारी. प्रवाशांत चिनी शिष्टमंडळाचे लोक, व्हिएतनामचा एक प्रतिनिधी, पोलंड आणि ऑस्ट्रियाचे पत्रकार. ज्यांच्यासाठी हे विमान मुख्यतः ठरलं होतं, ते पंतप्रधान चौ एन-लाय मात्र त्यात नव्हते.

कर्मचाऱ्यांची नावं वाचताना मराठी माणूस थबकतो. कप्तान डी. के. जटार. सहवैमानिक एम. सी. दीक्षित. देखभाल अभियंता अनंत श्रीधर कर्णिक. नेव्हिगेटर जे. सी. पाठक. हवाई सुंदरी ग्लोरिया बेरी. एअर इंडिया तेव्हा मुंबईची कंपनी होती आणि तिच्या विमानांतली व हँगरमधली नावं मुंबईचीच असायची: पारशी, गोवेकर ख्रिस्ती, मराठी, पंजाबी. दादर, परळ, गिरगावातून पहाटेची लोकल पकडून सांताक्रूझला पाळीवर जाणारा मेकॅनिक हा त्या कंपनीचा कणा होता. मरीन ड्राइव्हच्या टोकाची तेवीस मजली इमारत आणि महाराजाच्या जाहिराती सगळ्यांना आठवतात; कर्णिकांसारख्या तेल लागलेल्या हातांच्या माणसांबद्दल आपण फारसं लिहिलेलं नाही.

पाच तास सगळं सुरळीत चाललं. विमान दक्षिण चिनी समुद्रावर, नातुना बेटांजवळ होतं. ९ वाजून २५ मिनिटांनी, म्हणजे मुंबईत दुपारचे तीन वाजायला पाच मिनिटं असताना, स्फोटाचा आवाज झाला. उजव्या पंखात, तीन नंबरच्या इंजिनामागे आग. केबिनमध्ये धूर. सामानाच्या कप्प्यात आग लागल्याचा दिवा लागला. कप्तान जटारांनी तीन नंबरचं इंजिन बंद केलं, त्याचा पंखा वाऱ्याला आडवा न राहील असा वळवला, आणि उरलेल्या तीन इंजिनांवर विमान समुद्राकडे उतरवायला घेतलं. जमीन जवळ नव्हती.

त्या काही मिनिटांत कॉकपिटमधून तीन संकट-संदेश गेले. तिन्हींत मुख्य गोष्ट एकच होती, आपण नातुना बेटांच्या वर आहोत. त्यानंतर रेडिओ मेला.

इथे मला थांबावंसं वाटतं. आग विजेच्या तारांपर्यंत पोचली होती, एकेक मंडळ तुटत होतं. कॉकपिटमध्ये धूर येत होता, केबिनचा दाब सुटत होता, प्रवाशांना लाइफ जॅकेट चढवायची होती, पाण्यावर आदळल्यावर बाहेर पडता यावं म्हणून आपत्कालीन दारं उघडायची होती. अशा वेळी रेडिओ हातात आहे तोवर काय बोलायचं? काय झालं, कसं झालं, कुणी केलं, आग कुठे आहे, किती माणसं आहेत, सांगण्यासारखं पुष्कळ असतं. या लोकांनी पत्ता सांगितला. एकदा सांगून भागलं असं मानलं नाही. दुसऱ्यांदा सांगितला, तिसऱ्यांदा सांगितला. एचएफवर ज्याने काम केलं आहे तो, खरखरीत एक वेळचा संदेश ऐकू गेला असेल यावर कधीच विश्वास ठेवत नाही.

समुद्रावर व्यवस्थित उतरणं शक्य झालं नाही. उजवा पंख आधी पाण्याला लागला आणि विमानाचे तीन तुकडे झाले. सोळा जण गेले, त्यांत कप्तान जटार आणि ग्लोरिया बेरी. दीक्षित, पाठक आणि कर्णिक हे तिघे पाण्यातून बाहेर निघाले, पोहत बेटाला लागले आणि पुढे ब्रिटिश नौदलाच्या ‘डॅम्पियर’ या जहाजावर पोचले. त्यांचा जीव वाचवला तो लाइफ जॅकेटने आणि त्यांच्या हातापायांनी, हे खरंच आहे. पण शोधायला निघालेल्यांना अवाढव्य समुद्रातला नेमका कोपरा ठाऊक होता, तो त्या तीन संदेशांमुळे.

पुढची कथा राजकारणाची आहे आणि ती अनेकांनी रंगवून सांगितली आहे, म्हणून मी थोडक्यात उरकतो. समुद्रातून काढलेल्या अवशेषांवरून इंडोनेशियाच्या चौकशी मंडळाने मे महिन्यात जाहीर केलं की उजव्या चाकाच्या खोबणीत अमेरिकन बनावटीच्या डिटोनेटरचा टाइम बॉम्ब होता. संशय हाँगकाँगच्या विमान-देखभाल कंपनीतल्या एका सफाई कामगारावर गेला. तो तोवर तैवानला पळून गेला होता. भारतातर्फे तपासासाठी गेलेले तरुण अधिकारी होते रामेश्वरनाथ काव, पुढे ‘रॉ’ उभारणारे. जटार, बेरी, दीक्षित, पाठक आणि कर्णिक यांना सरकारने अशोकचक्र मालिकेतली शौर्यपदकं दिली. कर्णिकांनी या अनुभवावर ‘काश्मीर प्रिन्सेस’ याच नावाचं पुस्तक लिहिलं. गुप्तहेरांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना बॉम्ब कुणी ठेवला यात रस असतो. मला त्याहून जास्त रस त्या तीन संदेशांत आहे. मरणाऱ्या यंत्राचा शेवटचा उपयोग कसा करावा याचा याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही.

एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानाची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तिथे बोलण्याचा रेडिओ शेवटपर्यंत चालू होता.

२४ जानेवारी १९६६. बोइंग ७०७ ‘कांचनजंगा’. मुंबईहून निघून दिल्ली, बैरुत आणि मग जिनिव्हा करत लंडनला जाणारं. आत एकशे सतरा माणसं, त्यांत व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला निघालेले डॉ. होमी भाभा. पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात ज्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं मुंबईतलं काम सुरू केलं आणि पुढे तिला कुलाब्याच्या टोकाला समुद्रकाठी नेलं, ते भाभा. देशात इलेक्ट्रॉनिक्स कसं वाढवावं हे ठरवण्यासाठी १९६३ मध्ये सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्षही तेच. ज्या विमानात ते बसले होते, त्या विमानाचा एक रेडिओ-संच नादुरुस्त होता.

हा संच बोलण्याचा नव्हता. व्हीओआर म्हणून जमिनीवर रेडिओ-दीपस्तंभ असतात. विमानातला संच त्यांची लहर पकडून आपण त्यांच्या कोणत्या दिशेला आहोत ते दाखवतो. विमानात असे दोन संच असतात. दोन स्तंभांची दिशा एकाच वेळी घेतली की नकाशावर दोन रेघा जिथे छेदतात तिथे आपण. ‘कांचनजंगा’च्या दोनपैकी एक संच बंद आहे हे कप्तानाला बैरुत सोडतानाच माहीत होतं. मग त्याने आपली जागा हिशेबाने काढली आणि जिनिव्हाच्या नियंत्रकाला कळवली. हिशेब चुकला होता. रडारवर बघणाऱ्या नियंत्रकाच्या ते लक्षात आलं आणि त्याने मों ब्लां अजून पाच मैल आहे असं विमानाला सांगितलं. त्याच्या मते ही दुरुस्ती पुरेशी स्पष्ट होती. फ्रेंच चौकशीचा निष्कर्ष असा की शब्द पुरेसे नेमके नव्हते; शिखराकडे जाणारी धार मागे पडली अशाच समजुतीत कप्तान राहिला आणि १९ हजार फुटांवरून खाली येऊ लागला. सुमारे ४,७५० मीटरवर विमान डोंगराला धडकलं. शिखर ४,८०७ मीटर. कुणीही वाचलं नाही.

भाभांच्या मृत्यूबद्दल कटाच्या कहाण्या आजही व्हॉट्सअॅपवर फिरतात. परदेशी गुप्तहेर, बॉम्ब, क्षेपणास्त्र, काहीही. या कहाण्यांनी माझं समाधान होत नाही, कारण त्यांना चौकशीतली सगळ्यांत साधी गोष्ट नकोशी असते. एक बिघडलेला संच, एक चुकलेला हिशेब आणि दोन माणसांनी वेगळं समजलेलं एक वाक्य. एवढ्यानेही एकशे सतरा माणसं मरतात. याच डोंगरावर, जवळजवळ याच जागी, ३ नोव्हेंबर १९५० रोजी याच कंपनीचं ‘मलबार प्रिन्सेस’ आदळलं होतं आणि अठ्ठेचाळीस जण गेले होते. हिमनदी अजून दोन्ही विमानांचे तुकडे खाली सोडते आहे. २०२० साली वितळत्या बर्फातून जानेवारी १९६६ ची भारतीय वर्तमानपत्रं बाहेर आली, पहिल्या पानावर इंदिरा गांधींच्या निवडीच्या बातम्या असलेली. त्यांचा शपथविधी झाला तो दिवसही २४ जानेवारीचाच.

या दोन विमानांत मला जो फरक दिसतो तो असा. ‘काश्मीर प्रिन्सेस’चा रेडिओ गेला तेव्हा गेला हे सगळ्यांना कळलं, आणि जाण्याआधी त्याने सांगायचं ते सांगून ठेवलं. ‘कांचनजंगा’त दोन्ही टोकांना वाटत होतं की आपलं बोलणं पोचलं. पूर्ण शांततेपेक्षा हे अर्धवट पोचणं जास्त घातकी.

यंत्राचं अर्धसत्य कसं फसवतं, हे दादरकराला सांगायला आल्प्सपर्यंत जायला नको. दादर चौपाटीवरून उजवीकडे जो वांद्र्याचा किनारा दिसतो, त्याच्यापुढे समुद्रात १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं पहिलं जम्बो ‘सम्राट अशोक’ पडलं. सांताक्रूझहून दुबईला निघाल्यावर दोन मिनिटांच्या आत, २१३ माणसांसह. रेडिओ ठणठणीत होता. कप्तानासमोरचा, विमान किती कललं आहे हे दाखवणारा मापक अडकला होता. बाहेर काळोख, खाली काळं पाणी, क्षितिज नाही. मापक म्हणाला विमान उजवीकडे कललं आहे. कप्तानाने ते डावीकडे घेतलं. ते सरळच होतं. शेजारच्या दोन मापकांचं खरं बोलणं वेळेत पटलं नाही.

म्हणूनच बंद पडलेल्या रेडिओसाठी विमानशास्त्राने जे नियम केले आहेत ते मला फार शहाणपणाचे वाटतात. त्यांचा पाया असा की बोलता येत नसेल तर दुसऱ्याने जे गृहीत धरलं असेल तेच कर. वैमानिक ट्रान्सपाँडरवर, म्हणजे रडारला आपोआप उत्तर देणाऱ्या संचावर, ७६०० हा आकडा लावतो. रडार असेल तिथे जमिनीवर लगेच कळतं की हा मुका झाला आहे, पण ठीक आहे. रडार नसलेल्या टापूत ठावठिकाणा कळवायची वेळ चुकल्यापासून वीस मिनिटं शेवटची नेमून दिलेली उंची आणि वेग तसाच ठेवायचा, नंतर उड्डाणाआधी दिलेल्या आराखड्याप्रमाणे जायचं, सांगितलेल्या वेळेच्या आसपास मुक्कामी उतरायला सुरुवात करायची. खाली नियंत्रक तोवर त्याच्या वाटेतली इतर विमानं बाजूला करून ठेवतो. एकमेकांचा शब्दही ऐकू येत नसताना दोघे एकाच कागदावरून चाललेले असतात. आपलं बोलणं कुणीतरी ऐकत असेल या आशेने वैमानिक ठावठिकाणा सांगतही राहतो. संच नुसता बहिरा झाला असेल आणि मुका नसेल, तर ते पोचतं. विमानतळ दिसू लागला की टॉवरवरून दिव्याची खूण येते. स्थिर हिरवा म्हणजे उतर, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट दे आणि घिरट्या घाल. दिसलं हे कळवायला दिवसा पंख हलवायचे, रात्री दिवे मिचकावायचे. जुन्या टपाल विमानांच्या काळची ही भाषा जेट विमानाच्या वैमानिकालाही अजून शिकावीच लागते.

समुद्रावर आणखी एक सोय असते, ती म्हणजे शेजारी. एकाच वाटेने पुढेमागे जाणारी विमानं १२३.४५ मेगाहर्ट्झवर आपसांत बोलू शकतात. एकाचा एचएफ गेला तर तो मागच्याला आपला ठावठिकाणा सांगतो आणि मागचा तो मुंबईला कळवतो. एचएफ जाण्याचं कारण दर वेळी विमानातच असतं असंही नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये सूर्यावर मोठे स्फोट झाले आणि आयनांबर इतकं ढवळलं गेलं की ब्राझील आणि फ्रेंच गयानाच्या किनाऱ्यापलीकडे एका विमानाशी सुमारे दीड तास एचएफ संपर्क तुटला. विमान सुस्थितीत होतं.

ज्या मुंबईच्या विमानाच्या मौनाची जगभर बातमी झाली, त्याचा संच बिघडलेला नव्हता, आणि ते समुद्रावरही नव्हतं. १६ फेब्रुवारी २०१७, जेट एअरवेजचं मुंबई-लंडन विमान, ३३० प्रवासी आणि १५ कर्मचारी. जर्मनीवरून जाताना ते उत्तर देईना. जर्मन हवाई दलाची लढाऊ विमानं त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि मागून येणाऱ्या एका विमानातून घेतलेली त्याची चित्रफीत घराघरांत पोचली. संपर्क पुन्हा जुळला, विमान लंडनला सुखरूप उतरलं. चुकीची फ्रिक्वेन्सी लावल्याने हे घडलं होतं. युरोपच्या गजबजलेल्या आकाशात मौन म्हणजे अपहरणाची शंका, म्हणून तिथे लढाऊ विमानं धावतात. अरबी समुद्रावर तेच मौन वीस मिनिटं कुणी फारसं मनावर घेत नाही. तिथे खरखर रोजचीच.

आता उपग्रह आले आहेत. लांब पल्ल्याच्या विमानातून संगणकच ठरावीक वेळाने ठावठिकाणा पाठवतो, नियंत्रकाचा हुकूम पडद्यावर अक्षरांत उमटतो, आणि एचएफ बहुतेक वेळा मागच्या बाकावर बसलेला असतो. पण तो विमानातून काढून टाकलेला नाही. आणि उपग्रहानेही सगळे प्रश्न सुटले नाहीत, हे ८ मार्च २०१४ ने दाखवलं. मलेशियाचं एमएच३७० हे विमान २३९ माणसांसह हिंदी महासागरात नाहीसं झालं. त्यांत पाच भारतीय होते, आणि त्या पाचांत मराठी माणसंही. बोलणं थांबलं, ट्रान्सपाँडर थांबला. पण विमानातला उपग्रह-संच तासातासाने येणाऱ्या हाकेला नुसतं ‘आहे’ एवढं उत्तर सकाळी आठ वाजून गेल्यावरही देत होता. कुठे आहे, हे त्या उत्तरात नव्हतं. त्या एका उणिवेपायी अब्जावधी रुपयांचा शोध झाला आणि मुख्य सांगाडा अजून सापडलेला नाही. त्यानंतर नोव्हेंबर २०१८ पासून मोठ्या प्रवासी विमानांचा ठावठिकाणा दर पंधरा मिनिटांनी नोंदवण्याचा नियम जगभर लागू झाला. १९५५ साली धुराने भरलेल्या कॉकपिटमधून जे तीनदा सांगितलं गेलं, ते सांगण्याची सक्ती यंत्राला करायला त्यानंतर त्रेसष्ट वर्षं गेली.

या सगळ्यात दोन धंदे नाहीसे झाले. सुरुवातीच्या काळात एअर इंडियाच्या लांबच्या विमानांत रेडिओ ऑफिसर बसायचे, मोर्सची कळ दाबून ठावठिकाणा कळवणारे. शॉर्टवेव्हवर नीट बोलता येऊ लागलं आणि त्यांची खुर्ची गेली. मग यंत्रंच वाट काढू लागली आणि नेव्हिगेटरची खुर्ची गेली. त्या माणसांच्या मागे राहिल्या त्या त्यांच्या वह्या. कोणत्या रात्री कोणती लहर चालली, कुठल्या बिंदूवर मुंबई ऐकू आली नाही, कुणाकरवी निरोप दिला, हे सगळं त्या लॉगबुकांत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. सरकारी कागदात हा तपशील सहसा येत नाही.

दिवाळीची आवराआवर बहुतेक घरांत दरवर्षी होते. तरी माळ्यावरची एखादी ट्रंक राहिली असेल, आणि तुमच्या घरात आजोबा, काका किंवा सासरे एअर इंडियात रेडिओ ऑफिसर, नेव्हिगेटर किंवा हँगरमधले रेडिओ मेकॅनिक असतील, तर ती उघडून बघा. निळ्या-काळ्या कापडी बांधणीची लॉगबुकं सापडली तर रद्दीवाल्याला देऊ नका. पानांचे फोटो काढून ठेवा, आणि मूळ प्रत घरात ठेवायला जागा नसेल तर जवळच्या ग्रंथसंग्रहालयाला विचारा. ज्यांनी त्या वह्या लिहिल्या त्यांतले फार थोडे आता हयात आहेत. त्यांच्याशी बोलून घ्यायचं असेल तर पुढच्या दिवाळीची वाट पाहू नका.